चिंतेची प्रश्नावली पहिल्यांदा भरताना

बारावीतली एक मुलगी माझ्यासमोर बसून प्रश्नावली भरत होती. मी कॉलेजात समुपदेशक आहे, त्यामुळे हे दृश्य माझ्या खोलीत नेहमीचंच. 'निरनिराळ्या गोष्टींची फार काळजी वाटणे' या ओळीसमोर तिने शून्याला गोल केला. दर दोन मिनिटांनी ती ओढणीला तळवे पुसत होती, कागदाचा खालचा कोपरा घामाने मऊ पडला होता. मी विचारलं, "काळजी अजिबात वाटत नाही?" ती म्हणाली, "काळजी आईला वाटते, मॅडम. मला नुसतं धस्स होतं."

तिची पहिली बेरीज ६ आली होती. मग एकेक ओळ तिच्या शब्दांत बोलून घेतली, तेव्हा ती १३ झाली. मुलगी तीच, कागद तोच, मध्ये गेली असतील पंधरा मिनिटं. ६ वर थांबले असते तर "काही नाही गं, अभ्यासाला लाग" असं सांगून मी तिला परत पाठवलं असतं.

आता असे कागद बऱ्याच ठिकाणी हातात पडतात. डॉक्टर देतात, कॉलेज देतं, ऑफिसातून मोबाइलवर लिंक येते. कसा भरायचा आणि आलेल्या आकड्याचं काय करायचं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. पहिल्यांदाच भरणाऱ्यांसाठी, आणि भरून घेण्याचं काम नव्याने करणाऱ्यांसाठीही, हे लिहिते आहे.

पायरी १ : हातात कुठला कागद आहे ते बघा

सगळ्या प्रश्नावल्या एकच गोष्ट मोजत नाहीत, म्हणून आधी नाव वाचा.

सगळ्यात जास्त वेळा भेटेल ती जीएडी-७. स्पिट्झर, क्रोएन्के, विल्यम्स आणि ल्योवे या चौघांनी ती २००६ साली प्रसिद्ध केली. सुरुवातीला १३ प्रश्न होते, अमेरिकेतल्या १५ दवाखान्यांत २,७४० रुग्णांवर वापरून त्यातले ७ ठेवले. प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज ० ते २१. ती वापरायला पैसे पडत नाहीत, परवानगीही लागत नाही. सतत, कुठल्याही कारणाने मागे लागणारी चिंता पकडायला ती चांगली.

पण तुमचा त्रास वेगळा असेल तर? घरात एकटे असताना छान वाटतं, आणि चार माणसांत बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते. वर्गात उत्तर येत असूनही हात वर होत नाही. याला सामाजिक चिंता म्हणतात, आणि ती जीएडी-७ मधून निसटू शकते, कारण त्या सात ओळींत 'लोक' हा शब्दच नाही. त्यासाठी निराळे कागद आहेत. २००० साली आलेली स्पिन : १७ ओळी, प्रत्येकी ० ते ४ गुण, बेरीज ० ते ६८. तिच्यातल्याच ३ ओळींची छोटी आवृत्ती म्हणजे मिनी-स्पिन, तिच्यात ६ किंवा जास्त गुण आले की पुढे चौकशी करायची. आणि मायकेल लिबोविट्झ या मनोविकारतज्ज्ञांनी १९८७ साली मांडलेली लिबोविट्झ श्रेणी : २४ प्रसंग, प्रत्येकासमोर दोन रकाने. ती मुळात तज्ज्ञाने विचारून भरायची होती, नंतर स्वतः भरायची आवृत्ती आली.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. बेक या मनोविकारतज्ज्ञांच्या २१ ओळींच्या सूचीत शरीराच्या लक्षणांचाच भरणा आहे, त्यामुळे दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाचे गुण आजारामुळेही वाढतात. याच्या बरोबर उलट विचार १९८३ च्या हॅड्स या श्रेणीत आहे : ती इस्पितळातल्या रुग्णांसाठी केलेली, म्हणून शरीराची लक्षणं मुद्दाम वगळलेली. स्पीलबर्गर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रश्नावलीत २० प्रश्न 'या क्षणी कसं वाटतंय' याचे आणि २० 'एरवी कसं वाटतं' याचे. डॅस-२१ मध्ये चिंतेबरोबर नैराश्य आणि ताणही मोजतात आणि बेरजेची दुप्पट करतात. ती दुप्पट करायला विसरल्याने 'सगळं ठीक' ठरवलेले कागद मी पाहिले आहेत. शाळकरी मुलांसाठी स्केअर्ड नावाची ४१ ओळींची प्रश्नावली आहे, तिची एक प्रत मूल भरतं आणि एक पालक.

कागदावर नाव नसेल, गुण कसे मोजायचे हे लिहिलेलं नसेल आणि शेवटी कुठल्या तरी कोर्सची जाहिरात असेल, तर तो भरू नका.

पायरी २ : वेळ आणि जागा

जीएडी-७ मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, स्पिन आणि लिबोविट्झ मागच्या एका आठवड्याबद्दल. वरची ती बारीक ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत आणि 'मी मुळात कसा आहे' याचं उत्तर देऊन मोकळे होतात. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री किंवा घरात कोणी दवाखान्यात असताना भरलेला कागद त्या दिवसांचाच असतो. तो चुकीचा नव्हे, पण त्यावर तारीख आणि एक ओळ लिहून ठेवा : 'आजोबा आयसीयूत'. पुढे वाचणाऱ्याला ती ओळ फार उपयोगी पडते.

एकट्याने भरा. दोन खोल्यांच्या घरात हे सोपं नाही, मला ठाऊक आहे. शेजारी भाऊ डोकावत असेल तर 'भीती वाटते' समोर खरा आकडा पडत नाही. गच्चीवर जा, वाचनालयात जा, नाहीतर समुपदेशकाच्या खोलीतच भरा. भरून घेणाऱ्यांनीही समोर टक लावून बसू नये. मी त्या वेळात खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालते.

पायरी ३ : प्रश्न आपल्या भाषेत आणा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आकडा खरा येणार की खोटा, ते इथेच ठरतं.

'काळजी' हा आपल्याकडे मायेचा शब्द आहे. निरोप देताना आपण 'काळजी घे' म्हणतो. 'त्याला कशाची काळजीच नाही' ही तक्रार असते. त्यामुळे 'काळजी वाटते का' या प्रश्नाला घरची कर्ती बाई अभिमानाने ३ देते आणि बेचैन झालेली मुलगी ०. 'चिंता' हा शब्द पुस्तकातला, रोज तोंडात येत नाही. लोक म्हणतात टेन्शन, धाकधूक, पोटात गोळा, हातपाय गळाले, जीव टांगणीला लागला. हे सगळे शब्द चालतात. प्रश्नावलीला शब्दाशी देणंघेणं नाही, त्या अवस्थेशी आहे.

जीएडी-७ च्या सात ओळी मी अशा समजावून सांगते. पहिली, आतून बेचैन असणं : जीव खालीवर होणं, धाकधूक. दुसरी, काळजी थांबवता न येणं : विचारांचं चऱ्हाट, 'आता पुरे' म्हटलं तरी चालूच. तिसरी, निरनिराळ्या गोष्टींची जास्त काळजी : एक मिटलं की दुसरं उगवतं, गॅस बंद केला का, मुलगा पोचला का, हप्ता वेळेवर जाईल का.

चौथी ओळ निवांत होता न येण्याची, आणि तिथे बायकांचं हमखास चुकतं. "निवांत बसायला वेळ कुठे असतो?" असं म्हणून त्या ३ देतात. प्रश्न वेळेचा नाही. दुपारी सगळं आवरून पाठ टेकली, अर्धा तास खरंच मोकळा आहे, तेव्हा शरीर सैल पडतं का, की जबडा आवळलेलाच राहतो? गुण त्याचे द्यायचे.

पाचवी ओळ म्हणजे एका जागी बूड न टिकणं. सहावी चिडचिडीची. तिथे पुरुष "माझा स्वभावच तापट" म्हणून सोडून देतात, म्हणून मी विचारते : सहा महिन्यांपूर्वी एवढ्याशा गोष्टीवरून ओरडला असता का? सातवी, काहीतरी भयंकर घडेल अशी भीती : रात्री अवेळी फोन वाजला की काळजात चर्र होणं सगळ्यांचंच आहे, पण दुपारी बाराला कुरिअरवाल्याचा फोन आला तरी तसंच होतं का?

आणि एक मोठी गफलत. हे प्रश्न त्रास किती जोराचा आहे हे विचारत नाहीत, किती दिवस झाला ते विचारतात. ० म्हणजे एकही दिवस नाही, १ म्हणजे काही दिवस, २ म्हणजे निम्म्याहून अधिक दिवस, ३ म्हणजे जवळजवळ रोज. चौदा दिवसांत एकदाच, पण जीव जाईल असं वाटलं, तर इथे १ च. ते एकदाचं काय होतं ते मात्र कागदाच्या कडेला लिहा, कारण ते कदाचित निराळंच काही असेल, पॅनिकचा झटका, म्हणजे अचानक उसळणारी प्रचंड भीती, असू शकेल. दिवस आठवत नसतील तर भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढा आणि बोटाने मागे मोजत जा. दुधाचे खाडे मांडलेले असतात, गॅस आल्याची तारीख असते, त्यांच्या आधाराने दिवस आठवतात.

सात ओळींखाली आणखी एक प्रश्न असतो : या त्रासामुळे काम, घर, माणसांशी वागणं किती कठीण झालं? त्याचे गुण बेरजेत धरत नाहीत, म्हणून लोक तो गाळतात. मी तो सगळ्यात आधी वाचते.

पायरी ४ : भीती एका रकान्यात, टाळणं दुसऱ्यात

लिबोविट्झच्या कागदावर प्रत्येक प्रसंगाला दोन आकडे द्यायचे असतात : किती भीती वाटते (० ते ३) आणि किती वेळा टाळता (० ते ३). कल्पना साधी, पण मला ती फार मोलाची वाटते. एक बँक कर्मचारी आठवतात. 'सार्वजनिक ठिकाणी खाणे' या ओळीत त्यांनी भीती ० लिहिली, टाळणं ०. बोलता बोलता कळलं, अकरा वर्षं ते डबा आपल्या टेबलावर पाठमोरे बसून खातात. बाकीचे कॅन्टीनला जातात. "मग भीती वाटायचा प्रश्नच येत नाही ना," ते म्हणाले. अगदी बरोबर, टाळलं की भीती वाटत नाही. म्हणूनच कागदावर सूचना आहे की मागच्या आठवड्यात प्रसंग आला नसेल तर आल्याची कल्पना करा. चौघांच्या टेबलावर, सगळ्यांचं लक्ष आपल्या ताटाकडे, आपण भाकरी मोडतोय. त्यांनी खोडून भीती २, टाळणं ३ लिहिलं.

काही ओळी परक्या वाटतील. 'घरी पार्टी देणे' वाचून "आमच्यात पार्ट्या नसतात" म्हणू नका. हळदीकुंकू, सत्यनारायण, मुलाचा वाढदिवस घाला तिथे. 'घेतलेली वस्तू दुकानात परत करणे' मात्र जशीच्या तशी लागू पडते. साडीचा पदर फाटका निघाला तरी दुकानदाराशी बोलावं लागू नये म्हणून कपाटात ठेवून दिलेली असते.

'सार्वजनिक स्वच्छतागृह वापरणे' या ओळीपाशी थांबा. आपल्याकडे बायका ते टाळतात, आणि बहुतेकदा घाणीमुळे, दाराला कडी नसते म्हणून. ती सामाजिक चिंता नव्हे. स्वच्छ जागा असूनही बाहेर कोणी उभं आहे या विचाराने जमत नसेल तरच गुण द्या.

स्पिनची पहिलीच ओळ अधिकारपदावरच्या माणसांच्या भीतीची आहे. साहेब आले की उभं राहणं, वडीलधाऱ्यांसमोर आवाज खाली ठेवणं ही रीत आहे, तिचे गुण नाहीत. रजेचा साधा अर्ज द्यायला चार दिवस केबिनबाहेरून परत फिरणं, हे मोजायचं. दुसरी ओळ लाजून चेहरा लाल होण्याबद्दल विचारते. आपल्या सावळ्या रंगावर लाली दिसत नाही, म्हणून लोक ० देतात. पण कानशिलं तापतात, चेहऱ्यावर गरम वाफ आल्यासारखं होतं आणि ते सगळ्यांना दिसतंय असं वाटत राहतं. तेच विचारलं आहे.

पायरी ५ : बेरीज

जीएडी-७ : ० ते ४ नगण्य, ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ च्या पुढे तीव्र. १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञाकडे जावं असा संकेत आहे. स्पिनमध्ये ही रेषा साधारण १९ वर आहे. लिबोविट्झच्या १४४ पैकी ३० च्या पुढे सामाजिक चिंतेची शक्यता धरतात, ६० च्या पुढे ती बहुतेक प्रसंगांत पसरलेली असण्याची. काही प्रश्नावल्यांत 'मला शांत वाटते' अशा उलट्या ओळी असतात, तिथे गुणही उलटे करून घ्यायचे असतात. ते न करता मारलेली बेरीज फुकट.

आता रेषा ओलांडली म्हणजे आजार आहे का? नाही, आणि हे गणिताने पटवून देते. जीएडी-७ च्या मूळ अभ्यासात १० ची रेषा धरली तेव्हा सततच्या चिंतेचा विकार असलेल्यांपैकी ८९ टक्के पकडले गेले आणि नसलेल्यांपैकी ८२ टक्के बरोबर बाहेर राहिले. समजा, एका कॉलेजात १,००० मुलं आहेत आणि त्यातल्या ५० जणांना खरोखर हा विकार आहे. पन्नासातले ४५ जण रेषेच्या वर येतील. उरलेल्या ९५० पैकी १८ टक्के, म्हणजे १७१ जणही वर येतील. वर आलेले एकूण २१६, त्यात हा विकार असलेले ४५. बाकीच्यांना काहीच त्रास नाही असं नव्हे. कोणाचं निराळं दुखणं असेल, कोणाचे वाईट दिवस चालू असतील. पण कागदावर १२ आले म्हणून 'मला अँक्झायटी डिसऑर्डर आहे' असं स्वतःला सांगू नका, आणि कोणी मुलाच्या फाइलवर तसा शिक्का मारत असेल तर हरकत घ्या.

खाली राहिलेल्या पाच जणांचं काय? आकडा ७ आहे, पण मुलाखतीच्या दिवशी बसमधून उतरून घरी परत आलात, असं असेल तर आकडा बाजूला ठेवा आणि तज्ज्ञाचं दार ठोठावा. बेरजेपेक्षा कुठल्या ओळीत ३ आहे ते बघा. दोघांचे १२ सारखे दिसतात, पण एकाचे विचार थांबत नाहीत आणि दुसऱ्याचं एका जागी बूड टिकत नाही.

चिंतेच्या बहुतेक प्रश्नावल्या मरणाच्या विचारांबद्दल विचारत नाहीत. तसे विचार येत असतील तर कागद भरत बसू नका. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.

पायरी ६ : कागद घेऊन कोणाकडे

आधी नेहमीचे डॉक्टर. थायरॉइड वाढलेलं असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, तरी छाती धडधडते. दम्याच्या साल्बुटामॉलच्या फवाऱ्यानेही हात थरथरतात. दिवसाला आठ कप चहा, तंबाखू, अचानक सोडलेली दारू, हे सगळं न लाजता सांगा.

मग मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. औषध मनोविकारतज्ज्ञ देतात. सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात काही गैर नाही. खासगी फी झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहेत, गोव्यात बांबोळीची संस्था आहे. इमारतीच्या नावाला बिचकून परत फिरू नका. बाह्यरुग्ण विभागात तुमच्यासारखेच नोकरदार, विद्यार्थी, आजीआजोबा रांगेत असतात.

सामाजिक चिंता असलेल्या माणसाला तोंड उघडून हे सांगणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट. इथे कागद फार कामाला येतो. आत गेल्यावर तो पुढे करा आणि एवढंच म्हणा, "मला बोलायला जमत नाही, म्हणून लिहून आणलंय." माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुलांची पहिली भेट एवढ्याच वाक्यावर झाली आहे. तज्ज्ञ कागदावरून आजार ठरवणार नाहीत, वेळ काढून बोलतील, मागचं विचारतील. तसं न करता नुसती बेरीज बघून गोळ्या लिहिल्या, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

पायरी ७ : पुन्हा भरा, पण रोज नाही

मोबाइलवर सोय आहे म्हणून काही जण दर रात्री भरतात. दोन आठवड्यांचा प्रश्न रोज विचारण्यात अर्थ नाही, आणि आकडा बघायचीच धास्ती लागते. उपचार सुरू असताना जीएडी-७ दोन ते चार आठवड्यांनी पुरेशी आहे. कागद तोच, शब्द तेच, जमलं तर वेळही तीच. १३ चे १२ झाले म्हणून हुरळून जाऊ नका आणि १४ झाले म्हणून खचू नका. साधारण ४ गुणांचा फरक पडला तर काहीतरी खरंच हललं असं धरतात. मागचा कागद समोर ठेवून नवा भरू नका, हात आपोआप जुन्या खुणांवर जातो. आधी भरा, मग ताडून बघा.

लिबोविट्झचा कागद पुन्हा भरताना एक गोष्ट बऱ्याच जणांना घाबरवते. उपचारात टाळलेले प्रसंग थोडे थोडे करून बघायला लावतात : आधी दुकानात भाव विचारायचा, मग कॅन्टीनमध्ये चहा, मग वर्गात एक प्रश्न. असा सराव सुरू झाला की टाळण्याचा रकाना आधी उतरतो, आणि भीतीचा तिथेच राहतो, कधी चढतोही. त्या बँकवाल्या गृहस्थांचं तसंच झालं. दोन महिन्यांनी त्यांच्या त्याच ओळीत टाळणं ३ चं १ झालं होतं आणि भीती २ ची ३. "वाढलं की हो," म्हणून ते कागद घेऊन धावत आले. ते रोज कॅन्टीनला जाऊ लागले होते, चौघांच्या टेबलावर.